जांभळ्या धाग्याचा नग

उत्तर फिनलंड,
४ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि शेजारच्या पुनमच्या मोबाइलवर बोलायचं म्हटलं की अख्खी गल्ली मध्ये तोंड घालते. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. पोस्टमन दारात आल्यावर त्याच्यावर ओरडू नकोस, अठरा-वीस दिवस लागतातच.

पोचलो, कामाला लागलो. धुळ्याच्या आयटीआयमध्ये जीप उघडून बंद करायला शिकलो, ते इथे उपयोगी पडतंय. इथे पर्यटकांना बर्फावरच्या स्कूटरवर फिरवतात. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे चाकाच्या जागी रबरी पट्टा. अॅक्सिलरेटर उजव्या अंगठ्याने दाबायचा. रानात कुठे बंद पडली की आम्ही दुसरी घेऊन जायचं आणि तिथेच दुरुस्त करायची. काल उणे एकतीस होतं. स्कूटर पळायला लागली की वाऱ्याने ते उणे पन्नाससारखं लागतं.

थंडी सुंदर असते असं कोणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठव. इथे सगळंच किळसवाणं आहे. नाकातले केस काड्यांसारखे टोचतात, शेंबूड मिशीवर गोठतो आणि आत आल्यावर वितळून तोंडात येतो. कपडे बदलायच्या खोलीत वीस माणसांचे ओले मोजे वाळत असतात, त्या वासावर सकाळचा चहा प्यायचा.

आमची मुकादम हेल्मी नावाची बाई आहे, साठीची, तुझ्यासारखीच तोंडाळ. तिने पहिल्याच दिवशी माझे कपडे तपासले. तू शिवून दिलेल्या दोन्ही सुती बंड्या तिने चिमटीत धरून बाजूला ठेवल्या. सुताला घाम लागला की वाळत नाही, मग तोच घाम अंगावर गोठतो. आपण खान्देशात जन्मभर ज्या कापसाचं कौतुक करतो तो इथे शत्रू आहे. अंगाला बारीक लोकर, त्यावर जाड लोकर, त्यावर वारा अडवणारं. बूट सैल हवेत. बोटांचे हातमोजे नकोत, पिशवीसारखे हवेत, म्हणजे चार बोटं एकमेकांना ऊब देतात. आणि घाम येऊ द्यायचा नाही. थंडीत घाम हाच मारतो, असं ती दिवसातून तीनदा सांगते.

कंपनीने दिलेला सूट माझ्यासाठी तंबूच आहे, गळ्यातून वारा थेट पोटात जातो. माझ्या मापाचा जानेवारीत येईल. तोवर वर माझं जॅकेट घालतो. ते तुला दाखवायचं राहिलंच. जळगावला गाडीला दोन तास होते, तेव्हा स्टेशनजवळच्या गल्लीतल्या दुकानातून घेतलं. आत सोनेरी लेबल आहे, त्यावर उणे चाळीस लिहिलंय. हेल्मीनेही लेबल वाचून मान डोलावली. आणि गंमत सांगू? उजव्या बाहीच्या कफाच्या आत जांभळ्या धाग्याची छोटी फुली आहे. तू शाळेच्या गणवेशांना घालतेस ना, कोणत्या बाईने किती नग शिवले ते कळावं म्हणून, अगदी तशी. ही शिवणारीही कोणी तुझ्यासारखीच असणार. रोज बाही चढवताना तुझी आठवण येते.

तुझा,
प्रशील


धुळे,
२३ डिसेंबर २०२४

चि. प्रशील,
जय भीम.

पत्र आजच आलं. पोस्टमनवर ओरडले, त्याशिवाय त्याला पाकीट दारात ठेवायचं सुचत नाही. समोरच्या तोतारामने पुन्हा आपल्या भिंतीवर गुटख्याची पिचकारी मारली आहे. भिंतीकडे बघितलं की घास उतरत नाही.

ते जॅकेट आधी अंगातून काढ. ते घालून बाहेर जाऊ नकोस. त्या गल्लीतली दुकानं मला माहीत आहेत, सगळे चोर. रंग जातो. चेन तुटते. अशा मालात उवा असतात, अंगाला खाज सुटेल. लेबलावर विश्वास ठेवायला तू काय कुक्कुलं बाळ आहेस? लेबल काय, कोणीही शिवतं. सूट ढगळ असला तर गळ्याला मफलर गुंडाळ आणि कमरेला दोरी बांध, पण तोच घाल. तुझ्या आईचं, सविताचं, लोकरीचं स्वेटर पेटीत आहे, ते आजच पार्सल करते. बायकी आहे म्हणून लाजू नकोस, आतून कोण बघतंय.

हे मी उगाच सांगत नाही. चाळीस वर्षं मशीन चालवली, मला कापड कळतं.

पुनम आत्ताच डोकावून गेली. "मावशी, दादाले काही निरोप शे का? आत्ते मेसेज करी देस," म्हणाली. मी म्हटलं, नको गं, पत्रातच लिहिते. घरातल्या गोष्टी गल्लीला कशाला.

जॅकेट फेकलंस असं उलट टपाली कळव.

तुझी,
लतामावशी


उत्तर फिनलंड,
२१ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम.

अक्षर वाकडं आहे, वाचून घे. उजव्या हाताला पट्टी आहे म्हणून डाव्याने लिहितोय. अंगठ्याला जरा लागलंय, विशेष काही नाही.

तुझं पत्र सोळा तारखेला मिळालं. वाचून आधी हसलो आणि मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, नऊ तारखेला, व्हायचं ते होऊन गेलं होतं. न बघता तुला कळलं कसं? मला वाटलं होतं, तुझ्या हातचं घातलं नाही म्हणून रुसून उवांच्या गोष्टी सांगते आहेस.

त्या दिवशी गोठलेल्या तळ्यापलीकडे एक स्कूटर बंद पडली. हेल्मी आणि मी निघालो. तिथे पट्टा अडकला होता, तो सोडवायला अर्धा तास झटलो. जॅकेटच्या आत प्लास्टिकसारखं अस्तर होतं, घाम बाहेर जाईना. हेल्मी ओरडत होती, हळू कर, हळू कर. परतताना वारा समोरून आला. दहाव्या मिनिटाला खांदे उघडे पडल्यासारखं वाटलं. जॅकेटमधलं सगळं भरण खाली घसरून कमरेशी गोळा झालं होतं, खांद्यावर आणि बाह्यांत नुसतं कापड राहिलं होतं. आतला घाम गोठून अस्तर कडकड वाजत होतं. नंतर कुडकुडणंही थांबलं. मला वाटलं, बरं वाटायला लागलं. उजवा अंगठा अॅक्सिलरेटरवर आहे की नाही तेच कळेना. हेल्मीने मला स्कूटरवरून खाली पाडलं, ओढत नेलं आणि वाटेतल्या एका झोपडीतल्या शेगडीपाशी स्वतःच्या काखेत माझे हात धरून बसली. नाहीतर हे पत्र नसतं.

दवाखान्यात नर्सने जॅकेट कात्रीने कापलं. मावशी, त्यातून काय निघालं ते सांगतो. जुन्या गादीचा करडा कापूस, चिंध्यांचा चुरा, त्यात माणसांचे केस, बिडीचं थोटूक आणि रक्ताचा वाळका डाग असलेली कुठल्या तरी दवाखान्यातली पट्टी. नर्सने तोंड फिरवलं. तिने मला विचारलं, तुमच्या देशात हे अंगावर घालतात? मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दीड महिना मी ती घाण छातीशी धरून फिरत होतो आणि तिला ऊब म्हणत होतो.

एक काम कर. धुळ्या-जळगावच्या शिवणाऱ्या सगळ्या बायका तुला ओळखतात. जांभळा धागा कोणाचा ते शोध. दुकानदाराला मी शिव्या देणार नाही, तो चोर आहे आणि चोराचं काम करतो. पण त्या बाईने ती पट्टी हाताने आत कोंबली, वर उणे चाळीस शिवलं आणि घरी जाऊन जेवली. तिला एकदा तोंडावर विचार, घास गिळला कसा?

आईचं स्वेटर मिळालं. तेच घालून बसलोय.

तुझा,
प्रशील


धुळे,
१० फेब्रुवारी २०२५

चि. प्रशील,
जय भीम.

तुझं वाकडं अक्षर बघितलं. पहिलीत असताना तू असंच लिहायचास, आणि मी मशीनवर बसून तुझी पाटी बघायचे. जरा लागलंय म्हणजे नेमकं काय लागलंय? नख गेलं की कातडी गेली? डॉक्टर काय म्हणतात? खरं लिही.

त्या बाईची चौकशी केली. जांभळा धागा वापरणाऱ्या खूप असतात रे. धाग्याची रिळं काय कोणाच्या नावावर असतात? कुणी सांगावं, सुरतेकडचा माल असेल. आणि समज सापडली, तर काय? तिला शिव्या देऊन तुझा अंगठा बरा होणार आहे? अशा बायका खाली मान घालून शिवतात. मालक देतो ते भरायचं, देतो ते लेबल लावायचं. लेबलावर काय लिहिलंय ते तिला वाचता तरी येत असेल का? आपल्या खान्देशात शेकोटीपुरती थंडी पडते. उणे चाळीसमध्ये कोणी खरंच जाईल असं तिच्या स्वप्नातही आलं नसेल. एखादा फार तर महाबळेश्वरला घालून जाईल, असंच तिला वाटलं असणार. तू तिच्यावर एवढा राग धरू नकोस, तब्येतीला बरं नाही.

मी शिवणकाम सोडलं. डोळे दुखतात. आता घरीच असते. जेवण जात नाही, पण ते भिंतीमुळे.

हात कोरडा ठेव. रात्री शेगडीच्या फार जवळ झोपू नकोस.

तुझी,
लतामावशी


उत्तर फिनलंड,
३ मार्च २०२५

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम.

खरं लिही म्हणालीस, लिहितो. अंगठा पहिल्याच आठवड्यात काळा पडला होता, वाळलेल्या खारकेसारखा. वास येत होता. जेवताना डाव्या हाताने घास घ्यायचो आणि उजवा टेबलाखाली ठेवायचो, कारण मला माझ्याच हाताची किळस यायची. डॉक्टर वाट बघत होते. २४ फेब्रुवारीला वरचं पेर काढलं. नट धरायला गेलो की आता निसटतो. मेकॅनिकचं काम माझ्याच्याने होणार नाही. हेल्मीने भांडून मला कपड्यांच्या खोलीत ठेवून घेतलं. पर्यटक आले की त्यांना सूट द्यायचे, आत काय घातलंय ते तपासायचं, सुती असेल तर काढायला लावायचं. मी प्रत्येक सूट आतून उलटा करून बघतो. ते हसतात.

तुझ्यापासून लपवलं, चुकलं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, कधी एका शब्दाने फसवलं नाहीस, आणि मी तुला 'जरा लागलंय' असं लिहिलं. पुन्हा नाही करणार.

पण तू त्या बाईची बाजू घेतलीस ते मला पटलं नाही. वाचता येत नसेल तर तिला माफ. येत असेल तर? आणि पट्टीवरचं रक्त ओळखायला शाळेत जावं लागतं का?

तुझा,
प्रशील


धुळे,
२२ मार्च २०२५

प्रशील,

वाचता येतं. सातवी झाली आहे ती. तुला पहिलं अक्षर तिनेच गिरवायला लावलं.

जांभळा धागा माझा आहे. आमच्या शेडमध्ये अकरा बायका. मंजुळाबाईचा हिरवा, माझा जांभळा. शाळेचे गणवेश जून-जुलैत संपतात. ऑगस्टपासून शेडचा मालक झुलालशेठ जॅकेटं शिवून घेतो. तुला मी फक्त गणवेशांचं सांगत आले, कारण तू बारावीपासून म्हणतोस, मावशी त्या शेडमध्ये जाऊ नको, तिथे घाण आहे. घाण होतीच. भरणाची पोती कोपऱ्यात ओततात तेव्हा आम्ही नाकाला पदर लावायचो. रोज हातांना वास यायचा, साबणाने जायचा नाही. त्याच हातांनी मी भाकरी थापली. घास कसा गिळला म्हणून तू विचारलंस ना? पहिले आठ दिवस गिळता आला नाही. नंतर आला. मला सगळ्यात जास्त किळस त्या नवव्या दिवसाची येते.

लेबलं आली तेव्हा मी विचारलं होतं. झुलालशेठने तपकीर ओढली आणि म्हणाला, "लताबाई, तुले शिवानं शे का वाचानं शे? बठ्ठा बजारमा हाईच माल शे. लेबल वाचीसन कोणी थंडीमा जात नही." बायका हसल्या. मीही हसले. आणि लेबल सरळ बसावं म्हणून दोनदा उसवून नीट शिवलं. माझं काम वाकडं झालेलं मला चालत नाही.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच फुलीवरून मला कळलं, जॅकेट माझ्याच हातचं आहे. मी तुला उवांचं लिहिलं, रंगाचं लिहिलं. खरं एक वाक्य लिहिलं नाही. पण त्याहूनही वाईट आहे ते आता लिहिते. लिहिलं नाही तर मी मरताना हेच चघळत बसेन.

पत्राला अठरा दिवस लागतात, तूच लिहिलं होतंस. ते मला लिहिताना माहीत होतं. पुनम मोबाइल हातात घेऊन दारात उभी होती. "आत्ते मेसेज करी देस," म्हणत होती. एक ओळ पुरली असती. जॅकेट खोटं आहे, मी शिवलंय, घालू नको. पण मग पुनमने ते टाइप केलं असतं आणि तासाभरात गल्लीला कळलं असतं की लताबाई काय शिवते. तोताराम भिंतीवर थुंकतो म्हणून मी त्याला उठता-बसता शिव्या देते, त्याच्यासमोर माझी मान खाली गेली असती. म्हणून मी पुनमला परत पाठवलं आणि पत्र लिहिलं. ते वेळेवर पोचणार नाही हे मला कळत होतं. मनाला समजावलं, पोचेल.

तुझं मार्चचं पत्र आलं त्या दिवशी बस धरून जळगावला गेले. दुकानात माझीच जॅकेटं टांगलेली होती. एक नवरा-बायको मुलासाठी घेत होते, मुलगा लेहला कामाला निघालाय. मी भर दुकानात ओरडले. "हाई मी शिवेल शे! यान्हामा गादीना कापूस शे, दवाखानानी पट्टी शे. आसामा माना पोऱ्याना आंगठा गया!" दातांनी शिवण उसवून भरण बाहेर काढून दाखवलं. दुकानदार हसला, म्हणाला, बाईचं डोकं फिरलंय. त्या बाईने भरण बघितलं, नाकाला रुमाल लावला. मला वाटलं, चला, एक तरी वाचला. तिचा नवरा दुकानदाराला म्हणाला, "मंग कमीमा दे." आणि कमी करून घेऊन गेले. मी बाहेर येऊन गटारीवर ओकले.

काम सोडलं ते डोळ्यांमुळे नाही. झुलालशेठला सांगून सोडलं, शेडमध्ये सगळ्यांसमोर, तुझ्या अंगठ्याचं सांगून. मंजुळाबाई रडली आणि पुढच्या जॅकेटचं भरण भरायला लागली. पुनमला मी स्वतःहून सगळं सांगितलं. गल्लीला कळलंय. भिंत मीच धुते आता, बोलत काही नाही.

माफी मागत नाही. कोणत्या तोंडाने मागू?

लता


उत्तर फिनलंड,
१२ एप्रिल २०२५

मावशी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवत नाही.

तू जळगावला जाऊन ओरडलीस, ते बरं केलंस. पोटासाठी शिवलंस, ते मी समजून घेऊ शकतो. आपण काय खाऊन वाढलो ते मला माहीत आहे. त्या भरणाचीही मला आता तेवढी शिसारी येत नाही, रोज इतकं काही उलटंपालटं करून बघतो. पुनम दारात उभी होती, त्याची येते. डोळे मिटले की ती दारात दिसते, हातात मोबाइल. तू तिला परत पाठवतेस आणि पाकिटाला तिकीट चिकटवतेस.

मी तुझ्यावर रागावलोय असं समजू नकोस. राग असता तर चार शिव्या लिहून मोकळा झालो असतो. सध्या तुझ्या हातचं काही अंगाला लावावंसं वाटत नाही, एवढंच. आईचं स्वेटर मात्र घालतो. ते तिने विणलंय.

हेल्मीने ते कापलेलं जॅकेट कपड्यांच्या खोलीत खिळ्याला टांगलंय, नवीन येणाऱ्यांना दाखवायला. लोक जवळ जातात, वास घेतात आणि मागे सरकतात. शिवण कोणाची ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्याच्या उजव्या बाहीचा फक्त कफ मी कात्रीने कापून घेतला. तो या पाकिटात आहे. जांभळी फुली शाबूत आहे, टाका एकही सुटलेला नाही.

तुझा नग तुला परत पाठवतोय. मोजून घे.

यापुढे काही सांगायचं असेल तर पुनमच्या फोनवर सांग. पत्र लिहू नकोस.

प्रशील